शाल देऊन काढलं

माझा मुलगा पडला तेव्हा त्याच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता. कातडी तव्यासारखी तापलेली आणि कोरडी ठक्क. माझा जन्म वऱ्हाडात गेला. उन्हात घाम बंद झालेलं अंग म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको होतं.

मैदानावर दुसरं कोणी नव्हतं. फ्रिस्कोत, अमेरिकेतल्या आमच्या गावात, ऑगस्टच्या भर दुपारी लोक कुत्रंसुद्धा बाहेर काढत नाहीत. बेसबॉलच्या मैदानात मातीचा एक उंचवटा असतो. त्याला माउंड म्हणतात आणि त्यावर उभं राहून चेंडू टाकतात. त्या माउंडवर तो आधी गुडघ्यांवर आला, मग कुशीवर कोसळला. पडण्याआधी माझ्याकडे बघून तो इंग्रजीत काहीतरी बोलला. तो माझ्याशी कधीच इंग्रजीत बोलत नाही. समोर कोण उभं आहे हे त्याला कळत नव्हतं.

काखेत हात घालून मी त्याला ओढायला लागले. खेळाडूंना बसायला जाळीची एक शेड आहे, सावली तेवढीच. पण तो भरलेला माणूस, मी म्हातारी. थोडासा सरकला आणि पुढे हलेना. मग मी ओढणं सोडलं आणि नळाकडे गेले. चेंडूंची त्याची बादली तिथेच होती, ती उपडी केली. चेंडू चहूकडे घरंगळले. नळ सोडला तर पाणी चटका बसेल असं आलं. ते वाहून जाऊन जरा बरं पाणी येईपर्यंत थांबावं लागलं. त्याच्याकडे पाठ करून मी तिथे उभी होते आणि पाणी काही गार होत नव्हतं.

मग नेसलेली साडी सोडली, बादलीत बुडवली आणि त्याच्यावर मानेपासून पायापर्यंत टाकली. परत बादली भरली, परत ओतली. परकर-ब्लाउजवर मी अमेरिकेतल्या त्या मैदानात उभी होते आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

अँब्युलन्ससाठी फोनवर नऊ-एक-एक दाबायचं हे मला माहीत होतं. पलीकडे बाई बोलली. मी म्हटलं, "माय सन. फॉल. हॉट. नो टॉक." ती म्हणाली, "ॲड्रेस?" हा शब्द मला येत होता. मी आल्यापासून नातीने घराचा पत्ता माझ्याकडून घोकून घेतला होता, आजी हरवली तर असावा म्हणून. घराचा नंबर, रस्ता, गाव, सगळं मी न अडखळता सांगितलं. बाई म्हणाली, येतायत, येतायत.

फोन ठेवल्यावर मला कळलं. मी घराचा पत्ता दिला होता आणि आम्ही घरी नव्हतो.

इथवर गोष्ट कशी आली ते आता सांगते.

माझा मुलगा पुण्याला शिकला, कंपनीने अमेरिकेत पाठवला आणि तो इथेच राहिला. मोठ्या ऑफिसात होता, हाताखाली पुष्कळ माणसं होती. नवरा गेल्यावर मी त्याच्याकडे आले तेव्हा तो सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचा आणि संध्याकाळी बोलून बोलून घसा बसलेला घरी यायचा. मग एका हिवाळ्यात कंपनीने त्याचा अख्खा मजला रिकामा केला. पुढे दुसरी नोकरी मिळाली, ती घरात बसून करायची. वरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे तो एकटा. हाताखाली कोणी नाही, आणि वरचा साहेब कोण ते त्याने कधी समोर पाहिलेलं नाही. शर्टाला इस्त्री लागेनाशी झाली. तो बारीकसारीक गोष्टींवरून सुनेवर चिडायचा आणि मग तासन् तास गप्प बसायचा.

नात बेसबॉल खेळायची. टीममध्ये बहुतेक आपल्याकडचीच पोरं होती, मराठी, तेलुगू, गुजराती, आणि त्यांत मुली अगदी थोड्या. टीमचा आधीचा मॅनेजर गाव सोडून गेला. मॅनेजर म्हणजे कोण खेळणार, कोण बसणार, कुणी चेंडू टाकायचा, हे सगळं ठरवणारा. पगार काही नाही. कोणी पुढे येईना, म्हणून माझा मुलगा मॅनेजर झाला. लहानपणी तो क्रिकेट खेळलेला. बेसबॉल त्याने इथे येऊन टीव्हीवर बघून आणि पुस्तकं वाचून शिकून घेतला.

मी घडीची खुर्ची आणि छत्री घेऊन प्रत्येक सामन्याला जायचे. खेळ मला फार कळत नसे, पण माणसं कळत. मी लग्नानंतर बरीच वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, पुढे बायकांच्या टोळीची मुकादम झाले. माणसांकडून काम करून घेणारा कोण आणि नुसता ओरडणारा कोण, हे मला बसल्या जागेवरून कळतं. माझा मुलगा ओरडत नसे.

आल्या आल्या त्याने पहिली गोष्ट केली ती ही, की ज्याने त्याने आपली पिशवी आपण उचलायची. त्याआधी पोरगं मोकळ्या हाताने पुढे आणि आई बॅट, हेल्मेट, पाण्याचा जार घेऊन मागे, अशी वरात निघायची. एक बाई माझ्या खुर्चीशी येऊन म्हणाली, "काकू, तुमचे चिरंजीव फारच स्ट्रिक्ट आहेत हो."

मी म्हटलं, "मग दुसरा बघा."

"अहो, चेष्टा केली मी!"

"मी नाही केली," मी म्हटलं.

हरल्यावर तो मैदानात एक शब्द बोलत नसे. चेंडू गोळा करा, शेड झाडा, घरी जा, एवढंच. काय चुकलं ते पुढच्या सरावाला सांगायचा, तेव्हा पोरांचं रडून झालेलं असायचं. लहान-मोठं कसंही पोरगं असो, त्याला खेळायला मिळायचंच, मग सामना कितीही अटीतटीचा असो. आणि चेंडू टाकणाऱ्या पोराच्या बाबतीत तो कुणाचं ऐकत नसे. वाढत्या वयात फार चेंडू टाकले की कोपर कायमचं जातं. म्हणून एका दिवशी अमुक इतकेच टाकायचे असा नियमच आहे, पण याचा नियम त्याहून कडक. खिशात मोजायचं एक यंत्र असायचं, बोटाने टिक केलं की आकडा पुढे सरकतो. आकडा भरला की पोरगं खाली उतरायचं. जिंकत असलो तरी.

ती टीम कधी जिंकलेली नव्हती. याच्या हाती आल्यावर आधी हरणं थोडं कमी झालं, मग ती जिंकायला लागली. तो परत बोलायला लागला. जेवताना मीठ-मिरचीचे डबे मांडून कोण कुठे उभं राहायला हवं होतं ते सुनेला दाखवायचा. सून म्हणायची, "अरे, भाजी गार होतेय," आणि तरी बघत राहायची. त्या घरात परत हसू ऐकू येत होतं ते या टीममुळे, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

टीमची कमिटी होती आणि कमिटीचा एक अध्यक्ष. मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, घर मैदानाला लागूनच, पोहण्याच्या तलावासकट. त्याचा मुलगा टीममध्ये सगळ्यात जोरात चेंडू टाकायचा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला शेवटचा, बक्षिसाचा सामना झाला. आम्ही जेमतेम पुढे होतो. समोरच्यांचा एकच गडी बाद करायचा राहिला होता आणि अध्यक्षाच्या पोराचे चेंडू संपले. माझा मुलगा चालत माउंडवर गेला आणि पोराच्या हातातून चेंडू काढून घेतला.

जाळीमागून अध्यक्ष ओरडला, "अरे, एकच राहिलाय! काय करतोयस तू?"

"त्याचे संपले."

"मी सांगतोय ना, टाकू दे! मी बाप आहे त्याचा!"

"बाप तू घरी," माझा मुलगा म्हणाला. "इथे मी आहे."

हे सगळ्यांनी ऐकलं. मग त्याने एका काडीसारख्या पोराला बोलावलं. मुलाने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, पोरगं हसलं, आणि त्याने चेंडू टाकला. आम्ही जिंकलो. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. अध्यक्षाने सगळ्यांना मिठ्या मारल्या, माझ्या मुलाला सोडून.

थोड्याच दिवसांनी अध्यक्षाच्या घरी जेवण ठेवलं. सगळ्या टीमचं, आईबापांसकट. मागच्या अंगणात टेबलं, पावभाजीची शेगडी, पोरं तलावात. खाऊन झाल्यावर अध्यक्षाने माइक हातात घेतला. माझ्या मुलाला पुढे बोलावलं, खुर्चीत बसवलं. अध्यक्षाच्या बायकोने कुंकू लावलं, ओवाळलं. मग ताट आलं. ताटात शाल आणि नारळ.

ती शाल बघितली आणि मला कळलं.

आपल्याकडे शाल आणि नारळ केव्हा देतात? मास्तर निवृत्त होतो तेव्हा. बँकेतला साहेब शेवटच्या दिवशी घरी जातो तेव्हा. मंडळाचा जुना अध्यक्ष खुर्ची सोडत नसला की त्याचा मोठा सत्कार करतात, चार भाषणं करतात, शाल घालतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत दुसरा बसलेला असतो. ज्याला ठेवायचा आहे त्याच्या खांद्यावर कोणी शाल घालत नाही, त्याला पुढचं काम सांगतात. मला जिनिंगमधून काढलं तेव्हा शेटच्या माणसाने फाटकातच सांगितलं, बाई, उद्यापासून येऊ नका. मी शिव्या दिल्या आणि घरी आले. ते मला या शालीपेक्षा बरं वाटतं.

अध्यक्ष म्हणाला, "आपल्या टीमला इथवर आणणारे, आपले मार्गदर्शक." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "त्यांचे आशीर्वाद यापुढेही आपल्या पाठीशी राहतील."

माझा मुलगा काही म्हातारा नव्हता आशीर्वाद द्यायला. पण त्याला समजलं नाही. शाल अंगावर घेऊन तो उठला, डोळे भरलेले. इतकी वर्षं अमेरिकेत काढून त्याच्या डोक्यात शालीचा अर्थ एवढाच राहिला होता, की मान दिला. त्याने माइक घेतला आणि पुढच्या सीझनबद्दल बोलायला लागला. सराव लवकर सुरू करू, त्या काडीसारख्या पोराला चांगलं तयार करू, अजून दोन मुली घेऊ. तो बोलत होता आणि माणसं आपापल्या ताटात बघत होती. एका बापाने फोन काढला. अध्यक्षाची बायको रिकामे ग्लास गोळा करायला लागली. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण गाडी मला चालवता येत नाही.

परत येताना नारळ त्याने मांडीवर धरला होता. गाडी सून चालवत होती. मी मागून म्हटलं, "तुला काढलं."

"काय?"

"टीममधून काढलं तुला."

"आई, काहीतरीच काय!" सून म्हणाली. "एवढा छान सत्कार झाला."

"सत्कार झाला म्हणूनच सांगते. शाल कोणाला देतात?"

मुलगा हसला. "आई, तुझं जिनिंग इथे नको आणूस गं. हे लोक तसे नाहीत."

"हे लोक आपलेच आहेत," मी म्हटलं.

नात माझ्या शेजारी खिडकीबाहेर बघत बसली होती. तिने मान न वळवता सांगितलं, "आजी इज राइट, डॅड. दे ऑलरेडी हॅव अ न्यू कोच. एव्हरीबडी नोज."

दारात गाडी थांबली, आम्ही तिघी उतरलो. तो शाल-नारळ घेऊन तसाच बसून राहिला. सुनेने दोनदा जाऊन हाक मारली. काच वर होती, त्याने ऐकलं असेल-नसेल.

मी तेव्हा बोलले याचं मला वाईट वाटत नाही. मी नसते बोलले तर सकाळी फोनवर कळलंच असतं. तसं कळलंही. टीमच्या ग्रुपवर मेसेज आला, नवीन मॅनेजर म्हणून एक गोरा, पूर्वी मोठ्या संघातून खेळलेला, पगारी. खाली माझ्या मुलाचं नाव, पुढे लिहिलेलं, सल्लागार. आणि त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

त्याने अध्यक्षाला फोन लावला. स्वयंपाकघरातच उभा होता, फोन ओट्यावर ठेवलेला, आवाज मोठा.

"अरे यार, पर्सनली घेऊ नकोस," अध्यक्ष म्हणाला. "वी आर सो ग्रेटफुल. पण आता नेक्स्ट लेव्हलला जायचंय, प्रोफेशनल माणूस लागतो."

"आपण जिंकलो," मुलगा म्हणाला.

"जिंकलो म्हणूनच तर! हरलो असतो तर तूच राहिला असतास ना. दुसरं कोण येणार होतं?"

तो खोटं बोलत नव्हता. टीम पडीक होती तोवर ती याची होती. तिला किंमत आली आणि ती याच्या हातातून गेली. मुलाने फोन बंद केला आणि दुधाचा कॅन फ्रिजमध्ये ठेवायचा तो कपाटात ठेवला.

त्यानंतर तो आतून बंद झाला. जेवायला बोलावलं की यायचा, चार घास खायचा, उठायचा. केस वाढले, दाढी वाढली. नातीने टीम सोडली आणि त्याने तिला का म्हणूनसुद्धा विचारलं नाही. सुनेने डॉक्टरची वेळ घेतली, याने ती कॅन्सल केली. तिने परत घेतली, याने परत कॅन्सल केली. ती माझ्याशी बोलता बोलता रडली. मी म्हटलं, रडून तो जेवणार आहे का? पण मलाही दुसरं काही सुचत नव्हतं.

मी एकदा त्याच्या खोलीत जाऊन बसले. म्हटलं, "दुसरी टीम बघ. पोरं काय एवढीच आहेत का गावात?"

"मला कोण घेणार?"

"विचारलंस का कुणाला?"

"आई, तू खाली जा."

"जाते. पण तू असं का करतोस ते सांग."

तो कॉम्प्युटरकडेच बघत होता. म्हणाला, "मी कुठेच लागत नाही गं. ऑफिसात नाही, तिकडे नाही. घरात तरी काय करतो मी?"

माझा मुलगा रागावलेला मी पाहिला होता, रडलेला पाहिला होता. हे त्याने भाव सांगावा तसं सांगितलं. मी खाली आले. सून ऑफिसातून आली तेव्हा तिला म्हटलं, याला एकटा ठेवायचा नाही. ती म्हणाली, आई, मी नोकरी सोडू का? खरंच होतं. तिने सोडली असती तर घर कसं चाललं असतं? तेव्हा दिवसभर त्याच्या वाटेवर डोळा ठेवून बसायला मीच उरले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो मैदानावर जायला लागला. बादलीभर चेंडू घेऊन जायचा, रिकाम्या मैदानात माउंडवर उभा राहून जाळीवर चेंडू मारायचा, गोळा करायचा, परत मारायचा. मी म्हटलं, ऊन बघ. तो म्हणाला, बघितलं. सुरुवातीला मला वाटलं, निदान घराबाहेर पडतो. लाल होऊन परत यायचा, पाणी पिऊन वर जायचा.

त्या दिवशी सुट्टी संपली तरी तो आला नाही. ताटावर ताट झाकलेलं होतं. वर त्याचा कॉम्प्युटर टुंग टुंग वाजत होता, कोणीतरी त्याला बोलावत होतं. फोन केला, उचलला नाही. मी बाटलीत ताक भरलं, छत्री घेतली आणि निघाले. फ्रिस्कोत पायी कोणी चालत नाही. रस्त्यावर एक गाडी थांबली, आतल्या बाईने काच खाली करून विचारलं, ओके का? मी मान हलवली आणि चालत राहिले. छत्रीचं कापड तापून त्याचा वास येत होता.

मैदानाच्या फाटकाशी त्याची गाडी होती. तो माउंडवर होता, चेंडू टाकत होता, पण चेंडू जाळीपर्यंत पोचत नव्हते. मधेच पडत होते. मी हाक मारली. त्याने वळून बघितलं, इंग्रजीत काहीतरी बोलला आणि पडला.

मग नळ, साडी आणि तो चुकीचा पत्ता.

मी सुनेला फोन लावला. मीटिंगमध्ये असणार, उचलला नाही. मैदानाच्या पलीकडच्या कुंपणामागे अध्यक्षाच्या घराचं छप्पर दिसत होतं. त्याच्या बायकोचा नंबर माझ्याकडे होता, हळदीकुंकवाच्या ग्रुपमधला. मी लावला.

"अय्या, काकू! आज कशी काय आठवण?"

"बर्फ घेऊन मैदानावर ये. माझा मुलगा मरतोय."

नवऱ्याच्या मोठ्या चपला पायात अडकवून ती मागच्या दाराने पळत आली, दोन्ही काखेत बर्फाच्या पिशव्या. आल्या आल्या ती माझ्याकडे बघून थबकली, ओढणी सोडून माझ्या अंगावर टाकायला लागली.

"काकू, अहो, तुमची साडी..."

"मला नंतर झाक. त्याच्या मानेला लाव. काखेत लाव."

तिने लावला. मग तिने नऊ-एक-एकला फोन करून मैदानाचा पत्ता इंग्रजीत भराभरा सांगितला. सायरन आमच्या घराच्या दिशेने ऐकू येत होता. तो तिकडेच थांबला, बंद झाला. नंतर परत सुरू झाला आणि आमच्याकडे यायला लागला. तेवढ्या वेळात मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसले होते. छाती हलत होती, पण फार वरवर, आणि मधेच झटके येत होते. मी देवाला काही म्हटलं नाही. पाणी ओतत राहिले.

अँब्युलन्सवाल्यांनी त्याला गाडीत घातला. मला त्याच्याबरोबर घेतलं नाही. अध्यक्षाच्या बायकोने मला तिच्या गाडीत बसवलं, ओढणी गुंडाळून. वाटेत ती रडायला लागली.

"काकू, मी ह्यांना सांगितलं होतं हो, असं करू नका म्हणून. देवाशप्पथ सांगितलं होतं."

"कुंकू तूच लावलंस."

"हो."

"मग आता रडू नको. गाडी नीट चालव."

तिने डोळे पुसले आणि गाडी नीट चालवली. तिने बर्फ आणला हे खरं आहे. तिचा नवरा काय वागला हेही खरं आहे. एकाने दुसरं फिटत नाही.

हॉस्पिटलात मलाही सलाईनची सुई टोचून खाटेवर निजवलं, ऊन मलाही लागलं होतं. सून आली तेव्हा तिच्या एका पायात चप्पल नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं की त्याची किडनी बंद पडली आहे, लिव्हरला मार बसलाय, मेंदूचं आत्ता सांगता येत नाही. त्याच्या तोंडात नळी, रक्त मशीनमधून फिरवायचं. नंतर एका डॉक्टरणीने सुनेला बाजूला घेतलं. सून परत आली आणि माझ्याशेजारी बसली.

"त्या विचारत होत्या, याने हे मुद्दाम केलं का?"

"तू काय सांगितलंस?"

"माहीत नाही म्हटलं." ती थांबली. "आई, त्याची पाण्याची बाटली गाडीत आहे. भरलेली. झाकणसुद्धा उघडलेलं नाही."

पुढे त्याला विचारलं तेव्हा तो विसरलो म्हणाला. ती डॉक्टरीण नंतर त्याच्याशी रोज येऊन बोलायची, दार लावून. आत काय बोलले ते मला माहीत नाही आणि मी विचारत नाही.

नात शाळेतून थेट तिथे आली. काचेतून बापाकडे बघत उभी राहिली.

"आजी, इज ही गोइंग टू डाय?"

"माहीत नाही."

"यू आर सपोज्ड टू से नो."

"खोटं कशाला सांगू तुला?"

ती माझ्या खाटेवर चढून बसली आणि तिथून उठली नाही. नर्सने सांगितलं तरी.

मशीन चालू असतानाच अध्यक्ष आला. फळांची मोठी टोपली, वर चकचकीत कागद. हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "काकू, कमिटीशी बोललोय मी. तो बरा झाला की टीम परत त्याचीच. मी शब्द देतो."

मी म्हटलं, "त्याला आधी लघवी होऊ दे."

तो टोपली ठेवून गेला. टोपली सुनेने नर्सांना देऊन टाकली.

बरेच दिवस काही हललं नाही. सून फाइल मांडीवर घेऊन बसल्या बसल्या झोपायची, दचकून उठायची, मशीनकडे बघायची. मी तिला डब्यातलं भरवलं, कारण ती हात पुढे करत नव्हती. आम्ही तो जाणार असं धरून चाललो होतो. ती तिच्या आईशी फोनवर बोलायला बाहेर जायची आणि लाल डोळ्यांनी परत यायची. मी मनात पुढचं ठरवत होते. घर विकायचं, हिला आणि पोरीला घेऊन परत जायचं, की मी एकटी जायचं.

मग पिशवीत थोडी लघवी दिसली. नर्सने ती उचलून आम्हाला दाखवली आणि सून तिच्या गळ्यात पडली. नळी काढल्यावर त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि मराठीत पाणी मागितलं.

आता तो काठी घेऊन चालतो. तोल जातो, उजवा हात कापतो, बोलणं जरा जड झालंय. चेंडू त्याला टाकता येत नाही. नोकरी गेली, सुनेची आहे. डॉक्टरकडे तो आता स्वतःहून जातो, वेळ कॅन्सल करत नाही. हे पुरेसं आहे का, मला सांगता येणार नाही. काही दिवस तो चांगला असतो, काही दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो आणि आम्ही तिघी घरात पाय न वाजवता फिरतो.

त्या दुपारी मैदानावर तो होता आणि मी होते. दोघंही जिवंत आहोत.